जिन्याच्या वळणावर बसणारा मुलगा : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या भाच्याचे आहे आणि काही अंशी माझेही आहे. तो त्या वेळी कोल्हापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकत होता. मी त्याचा मामा, वय 41, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात नोकरीला. आम्ही दोघेही स्वमग्न, म्हणजे सध्याच्या बोलीत ऑटिस्टिक आहोत. त्याचे निदान पाचव्या वर्षी झाले. माझे त्याच्यानंतर, 36 व्या वर्षी. शाळेचे किंवा घरातल्या कोणाचे नाव मी येथे देत नाही आणि ओळख पटेल असे दोनचार तपशील मुद्दाम गाळले आहेत. ताईने आणि भाच्याने हे लिखाण वाचून संमती दिल्यानंतरच ते पुढे आले आहे, हेही आधी सांगितलेले बरे, कारण संमती न घेता बोलण्याची चूक मी याच प्रकरणात एकदा केली होती.

तक्रार

शाळा जूनच्या मध्याला सुरू झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ताईच्या घरी चिठ्ठी आली. चिठ्ठीत तीन गोष्टी होत्या. मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा तास चालू असताना न विचारता वर्गाबाहेर जातो आणि जिन्याच्या वळणावर जाऊन बसतो. परिपाठाच्या रांगेत त्याने मागच्या मुलाला ढकलले, त्यात त्या मुलाच्या कोपराला खरचटले. आणि जाब विचारला की तो शिक्षकांची नक्कल करतो, त्यांना अरेतुरे करतो. शेवटचे वाक्य असे होते की पाल्याचे हित लक्षात घेऊन त्यास विशेष शाळेत दाखल करण्याचा पालकांनी विचार करावा.

तिसरी तक्रार ताईला सर्वांत जास्त लागली, कारण घरात मोठ्यांना कधीही ‘तू’ न म्हणणारा तो मुलगा आहे. नेमके काय घडले हे विचारल्यावर वर्गशिक्षकांनी सांगितले की त्यांनी त्याला विचारले, “तू वर्गाबाहेर का गेलास?” त्यावर त्याने त्यांच्याच सुरात, त्यांच्याच हेलात उत्तर दिले, “तू वर्गाबाहेर का गेलास?” असे तीनदा झाले. चौथ्यांदा सरांनी आवाज चढवला, तेव्हा त्याने चढलेल्या आवाजासकट वाक्य परत केले. सगळा वर्ग हसला आणि सरांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच उद्धटपणाच्या खात्यात जमा झाले.

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे ही स्वमग्न मुलांमध्ये सर्रास आढळणारी गोष्ट आहे. लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हाच त्यांनी नोंदवले होते की ही मुले सर्वनामे ऐकली तशीच वापरतात, म्हणजे स्वतःला ‘तू’ आणि समोरच्याला ‘मी’ म्हणून बसतात. इंग्रजीत ही फार तर व्याकरणाची चूक ठरते. मराठीत मात्र शिक्षकाला ‘तू’ म्हणणे हा थेट अपमान असतो, आणि इंग्रजी पुस्तकातून हे लक्षण शिकलेल्या कोणालाही मराठी शाळेतला हा धोका सहज सुचत नाही. भाचा प्रश्न परत म्हणत होता तो प्रश्न मनात धरून ठेवण्यासाठी. तो जोखत असतानाच पुढचा प्रश्न येऊन आदळत असे आणि पहिला हातातून सुटत असे. हे मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण मी स्वतः आजही फोनवर पत्ता विचारला की आधी प्रश्न पुटपुटतो आणि मग उत्तर देतो. चार दशकांच्या सरावाने ते पुटपुटणे ओठांच्या आत गेले आहे, एवढाच फरक.

कागदावरचे ‘सौम्य’

भाच्याकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र होते. स्वमग्नतेचे मूल्यमापन आपल्याकडे ‘आयएसएए’ या भारतीय मापनीवर होते. तीत 40 बाबी असतात, प्रत्येकीला 1 ते 5 गुण दिले जातात, आणि बेरीज 70 ते 106 च्या दरम्यान आली की स्वमग्नता ‘सौम्य’ मानली जाते. भाच्याची बेरीज 96 होती. हा शब्द शाळेत त्याच्या दोन्ही बाजूंनी विरोधात गेला. सुरुवातीची पाच वर्षे, “सौम्यच आहे ना, मग वेगळे काही करायला नको,” असे म्हणून कोणी काही केले नाही, आणि सहावीत अडचण आल्यावर, “सौम्य म्हणता, मग हा असा वागतो म्हणजे मुद्दामच वागतो,” असा निष्कर्ष निघाला.

ताईचे म्हणणे होते की सरळ कायदा दाखवावा, आणि कायदा तिच्या बाजूने होताही. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अवघे सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यात नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारांत तिला जागा दिली. (मी दहावी झालो तेही 1999 साली. आमच्या वर्गात ‘येडं’ आणि ‘शिष्ट’ असे दोनच प्रकार होते आणि मी आलटून पालटून दोन्हींत बसत असे.) 2016 च्या कायद्यातले 31 वे कलम सांगते की लक्षणीय, म्हणजे प्रमाणपत्राप्रमाणे 40 टक्के किंवा अधिक, दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला शेजारच्या सर्वसाधारण शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. पसंती मुलाची, शाळेची नव्हे. शिवाय शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक, म्हणजे आठवीपर्यंतचे, शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 सालीच मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तिथे हे कलम दाखवून सांगावे लागावे याचे वाईट वाटते, पण ते असो.

मी ताईला थोडे थांबायला सांगितले. कायद्याचा कागद पुढे केला की शाळा मुलाला ठेवून घेईल, पण त्याच्या वागण्याचा अर्थ जाणून घ्यायची शाळेची गरज त्याच क्षणी संपेल, असे मला वाटले. त्याऐवजी मी बैठकीला येतो आणि माझे स्वतःचे सांगतो, असे मी सुचवले. तोवर माझे निदान आई आणि ताई सोडून कोणालाही ठाऊक नव्हते.

बैठक

बैठक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठरली. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षक, आणखी दोन विषयशिक्षक, ताई, भावोजी आणि मी. मी चार पाने लिहून नेली होती आणि ती वाचून दाखवण्याची परवानगी आधीच मागितली, कारण आयत्या वेळी बोलताना मधेच कोणी काही विचारले की माझे पुढचे सगळे वाक्य पुसले जाते.

मी जोतिबाच्या चैत्र यात्रेपासून सुरुवात केली. मी सात वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून डोंगरावर गेलो होतो. ‘चांगभलं’चा गजर, उधळलेला गुलाल, आणि घामाने चिकटलेला तो गुलाल मानेवरून सदऱ्याच्या आत उतरत गेलेला. मी वडिलांच्या डोक्याला असा चावलो की टाके घालावे लागले. घरात ती गोष्ट पुढे तीस वर्षे ‘लहानपणी किती वांड होता’ याचा दाखला म्हणून सांगितली जाई. शाळेत मी कोणाच्या डोळ्यांत बघून उत्तर देत नसे. बघितले तर समोरचा काय म्हणतो ते मला कळत नाही, माझे डोळे आणि कान एका वेळी चालत नाहीत. पण “वर बघ, वर बघून बोल,” म्हणणाऱ्या शिक्षकांना वाटे की मी काहीतरी लपवतो आहे. मग मी परिपाठाकडे आलो. ‘अंतर घ्या’ म्हटले की मागचा मुलगा पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवतो. पाठीमागून, न दिसता, अचानक आलेला हलका स्पर्श माझ्या अंगावर विजेसारखा उमटतो. जोरात धरलेला हात त्यामानाने सोसतो. भाच्याने ज्याला ढकलले तो मुलगा त्याच्या मागेच उभा होता.

हे ऐकताना वर्गशिक्षकांच्या चेहऱ्यात फरक पडला, असे ताईने नंतर सांगितले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

मग एका शिक्षकांनी, अगदी सद्भावनेने, तो प्रश्न विचारला जो बहुतेक प्रौढ स्वमग्न माणसांना कधी ना कधी ऐकावा लागतो. “अहो, तुम्ही इतकं व्यवस्थित सांगताय, नोकरी करताय, तुम्हाला कसला आलाय ऑटिझम?” या प्रश्नात खरा पेच आहे. स्वतःविषयी नीट बोलता आले तर ‘तुम्हाला काही झालेलेच नाही’ आणि नीट बोलता आले नाही तर ‘याला काय विचारायचे’. दोन्हीकडून दार बंदच. मी उत्तरादाखल एवढेच सांगितले की ही चार पाने मी पाच वेळा लिहिली आहेत, काल संध्याकाळी शाळेच्या फाटकापर्यंत येऊन कुठे वळायचे ते बघून गेलो आहे, आणि येथून घरी गेल्यावर उद्या दुपारपर्यंत मी कोणाशी बोलू शकणार नाही. तुम्हाला दिसतात ती ही पंधरा मिनिटे, बाकीचा खर्च दिसत नाही.

मुख्याध्यापिकांची अडचणही खोटी नव्हती. वर्गाचा पट 52. एका मुलाने बाहेर गेलेले चालते, असे दिसले की उद्या दहा जण जातील, आणि जिन्यावरून कोणी पडले तर जबाब त्यांनाच द्यावा लागेल. त्यांनी विचारले, “आम्ही नेमकं काय करायचं ते सांगा. समजून घ्या, समजून घ्या, असं सगळेच सांगून जातात.”

हा प्रश्न मला आजही त्या बैठकीतला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. मी तयारीनेच गेलो होतो. परिपाठात त्याला रांगेत सर्वांत शेवटी उभे करावे, म्हणजे मागून कोणाचा हात येणार नाही. प्रश्न विचारल्यावर दहा अंक मोजण्याइतके थांबावे, आणि त्याने प्रश्न परत म्हटला तर ‘ऐकू आला’ एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. आणि तो बाहेर जातो ते वर्गातल्या आवाजामुळे, तेव्हा त्याला खिडकीकडेचा बाक द्यावा आणि कानांवर लावायचे इअर मफ वापरू द्यावेत. तसले मफ आमच्या शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे पोलादी गोळ्यांचा मारा करून ओतीव नग साफ करण्याच्या, विभागात असतात. एक नवा जोड मी पिशवीतून आणलाच होता. तिन्ही गोष्टी मान्य झाल्या. विशेष शाळेचा विषय तूर्त मागे पडला.

तीन आठवड्यांनंतर

पहिल्या दोन उपायांचा परिणाम जवळजवळ लगेच दिसला. रांगेत पुन्हा ढकलाढकली झाली नाही. सरांनी दहा अंक मोजायला सुरुवात केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी भाच्याने प्रश्न परत म्हणून झाल्यावर पुढे उत्तरही दिले, आणि तेही ‘सर, तुम्ही’ म्हणून.

बाहेर जाणे मात्र थांबले नाही. तीन आठवड्यांत तो सात वेळा जिन्यावर जाऊन बसला. इअर मफ त्याने तीन दिवस लावले आणि चौथ्या दिवशी दप्तराच्या तळाशी टाकले. का, हे कोणी विचारले नाही, मीही नाही. मी उलट ताईला म्हणालो की त्याला सवय व्हायला वेळ लागेल. मुख्याध्यापिकांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. “तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. आता?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःला अनुभवी म्हणवून घेऊन एका मुलाच्या वतीने बोललो होतो आणि माझा अंदाज चुकला होता. पुन्हा काही सांगायला गेलो तर माझ्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

फौंड्रीत एखाद्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव नगात, दोष वारंवार येऊ लागला की अनुभवी माणूस लगेच कारण सांगून मोकळा होतो: वाळू ओली असेल, कोअर, म्हणजे आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा, नीट भाजला नसेल. पुष्कळदा ते बरोबरही निघते. पण रिजेक्शन थांबेनासे झाले की आम्ही अंदाज बाजूला ठेवतो आणि प्रत्येक नाकारलेल्या नगासाठी तारीख, शिफ्ट, हीट नंबर (भट्टीच्या घाण्याचा क्रमांक) आणि दोषाची जागा लिहून काढतो. आठवडाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली भोके, नेमके कोणत्या शिफ्टला येतात हे कागदच बोलतो. हे काम मी अठरा वर्षे करतो आहे आणि भाच्याच्या बाबतीत मी ते केले नव्हते, कारण मला वाटले की मला आतूनच माहीत आहे.

दहा दिवसांची वही

मी शाळेत जाऊन चूक कबूल केली आणि वर्गशिक्षकांना एक विनंती केली. दहा शालेय दिवस एका वहीत चार रकाने भरावेत: कोणता तास, वेळापत्रकात कोण होते आणि वर्गावर कोण आले, वर्गात त्या वेळी काय चालले होते, भाचा बाहेर गेला की नाही. तो गेला नाही त्या तासांचीही नोंद हवी, यावर मी भर दिला. सरांकडे आधीच कामांचा डोंगर होता, तरी त्यांनी वही भरली. त्यांचे हे ऋण मी मानतो.

दहा दिवसांत भाचा सहा वेळा बाहेर गेला. त्यातल्या दोन वेळा वर्ग शांतपणे फळ्यावरचे उतरवून घेत होता. उलट एका दुपारी खिडकीखालीच खो-खोचा सामना रंगून आरडाओरडा चालला होता, त्या तासाला तो जागचा हलला नाही. आवाजाचा संबंध तिथेच निकालात निघाला. दुसरा रकाना मात्र बघताक्षणी डोळ्यांत भरला: सहाही वेळा वेळापत्रकातले शिक्षक आले नव्हते. पाचदा बदली तास होता आणि एकदा विज्ञान आणि भूगोल यांची अदलाबदल झाली होती.

आता त्यालाच विचारणे भाग होते. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न मी टाळला, कारण ‘का’ म्हणजे रागावणे असे त्याच्या कानाला आता पक्के झाले आहे. मी कागदावर जिना काढला, वळणावर एक फुली मारली आणि लिहिले, “इथून काय दिसतं?” त्याने खाली लिहिले, “शिक्षक खोलीचं दार.” मी लिहिले, “दारात कोण येतं?” त्याने लिहिले, “भूगोलाच्या बाई येतात का बघतो.” आणि मी पुढचे काही लिहायच्या आत त्यानेच एक ओळ वाढवली, “सरांनी सांगितलं होतं.”

सरांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांना आठवले. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाला सांगितले होते की तासाला बाई किंवा सर आले नाहीत तर गोंधळ घालू नका, कोणीतरी जाऊन शिक्षक खोलीत बघून या. ‘कोणीतरी’ म्हणजे वर्गप्रमुख, हे 51 मुलांना न सांगता कळले. भाच्याला ते कळायचे कारण नव्हते. वेळापत्रकात भूगोलाच्या बाईंचे नाव आहे आणि वर्गावर गणिताचे सर उभे आहेत, म्हणजे भूगोलाच्या बाई आलेल्या नाहीत, म्हणजे जाऊन बघायला हवे. शिक्षक खोलीच्या दारात घुटमळायचे नाही, अशीही एक सूचना होती, म्हणून तो दार दिसेल अशा सर्वांत जवळच्या जागी, जिन्याच्या वळणावर बसत होता. सर हसले आणि म्हणाले, “म्हणजे पोरगं माझंच ऐकत होतं की!”

आपण या स्थितीला स्वमग्नता म्हणतो. शब्द रुळला आहे आणि मीही तो वापरतो, पण तो ऐकणाऱ्याच्या मनात स्वतःतच बुडालेल्या, बाहेर लक्ष नसलेल्या माणसाचे चित्र उभे करतो. 52 मुलांच्या त्या वर्गात शिक्षकांचे वाक्य शब्दशः लक्षात ठेवून जवळजवळ तीन महिने इमानाने पाळणारा तो एकटाच होता. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 साली मांडले की स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यातली समजुतीची फट दोन्ही बाजूंनी असते. त्याला आपले कळत नाही तितकेच आपल्यालाही त्याचे कळत नाही. या प्रकरणात तर त्याला आपले अक्षरशः कळले होते.

उपायाला खडूखेरीज काही लागले नाही. फळ्याच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट आणि हजर संख्या रोज लिहिली जातेच. तिच्याखाली ‘आज बदल’ अशी एक ओळ वाढली. परिपाठानंतर वर्गप्रमुख शिक्षक खोलीतून विचारून येतो आणि लिहितो: “4 था तास, भूगोलऐवजी गणित.” ऐन वेळी बदल झाला तर येणाऱ्या शिक्षकांनी वर्गात पाऊल टाकताच तो तोंडी सांगायचा. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत भाचा एकदाच बाहेर गेला, त्या दिवशी वर्गप्रमुख गैरहजर होता.

माझे कुठे चुकले

चुकीचे मूळ माझ्या अनुभवाचा मी लावलेल्या अर्थातच होते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मला आवाज सोसत नाही, असे मी लहानपणापासून म्हणत आलो आहे. कामावरचे सहकारी यावर हसतात, कारण आमच्या इंडक्शन फर्नेसची घरघर आणि शॉट ब्लास्टिंगचा कर्कश आवाज दिवसभर चालू असतो आणि त्याचे मला काही वाटत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये स्टीलची ताटे एकावर एक आदळली की मी ताट अर्धे टाकून उठतो. या विसंगतीचा मी कधी विचारच केला नव्हता. भट्टीचा आवाज कधी वाढणार आणि कधी उतरणार हे मला आधी ठाऊक असते. ताट कधी पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. मला न सोसणारी गोष्ट मोठेपणा नसून अवचितपणा आहे, आणि भाच्याची अडचणही त्याच जातीची होती. किल्ली माझ्याच खिशात होती, मी तिच्यावर चुकीची चिठ्ठी लावून ठेवली होती.

पाठीवरच्या स्पर्शाबाबत माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडला, आवाजाबाबत पडला नाही, आणि यातले कोणते लागू पडणार हे मला बैठकीच्या वेळी आतून कळण्याचा काहीही मार्ग नव्हता. आता कोणी पालक विचारायला आले तर मी माझी गोष्ट सांगतो, आणि तिच्याबरोबर एक कोरी वहीही देतो.

घरात उमटलेले पडसाद

शाळेतली गोष्ट शाळेत राहत नाही, त्यातून कोल्हापूरच्या पेठांत तर नाहीच. बैठकीनंतर दोन दिवसांत माझ्या निदानाची बातमी ताईच्या सासूबाईंपर्यंत दुसऱ्याच कोणाकडून पोहोचली. भाचा मामाच्या वळणावर गेलाय, असे त्या पूर्वी कौतुकाने म्हणत, कारण मला पाढे लवकर पाठ झाले होते आणि त्यालाही. आता तेच वाक्य आरोप झाले. “म्हणजे हे तुमच्या माहेरचं,” असे त्या जेवताना म्हणाल्या आणि ताई ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. तिचे म्हणणे थोडक्यात होते आणि मला त्यावर उत्तर नव्हते. “तू तुझं सांगितलंस, पण त्यात माझं माहेरही सांगून टाकलंस. मला एकदा विचारायचं तरी.” मी बैठकीआधी माझ्या भीतीचा विचार केला होता, कामावर कळले तर काय होईल याचा केला होता, तिच्या सासरचा केला नव्हता.

स्वमग्नतेत अनुवंशाचा वाटा मोठा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. पण त्यात अनेक जनुकांचा हात असतो आणि ते अमुक एका घराचे देणे असा हिशेब मांडता येत नाही. दोष आईकडे नेण्याची खोड मात्र आपल्यापुरती नाही. मागच्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य देशांतले मोठमोठे तज्ज्ञ, थंड स्वभावाच्या आयांमुळे मुले अशी होतात, असे गंभीरपणे सांगत होते. 1964 साली तो समज खोडून काढणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. हे सगळे मी भावोजींना सांगितले. ते त्यांनी आपल्या आईला कितपत सांगितले, ठाऊक नाही. सासूबाईंचे बोलणे थांबले नाही, कमी झाले. जिन्यावरची हकीकत कळल्यावर त्या म्हणाल्या की सांगितलेलं ऐकणारं एक तरी पोर आहे या घरात. मी हे शुभचिन्ह समजतो, ताई समजत नाही.

कामाच्या ठिकाणी मी निदान सांगितले नाही. पाळी बदलणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, एवढेच सुपरवायझरना सांगितले. त्यांनी कारण न विचारता ते मान्य केले.

जूनमधला कागद

सातवीत वर्गशिक्षक बदलणार होते. सहावीच्या सरांनी आणि मी मिळून नव्या बाईंसाठी एका पानाची माहिती लिहिली: प्रश्नानंतर थांबणे, रांगेत शेवटची जागा, फळ्यावरची ‘आज बदल’ची ओळ, ‘कोणीतरी’ न म्हणता नाव घेऊन सांगणे. या वेळी कागद देण्याआधी आम्ही तो भाच्याला वाचायला दिला. वर्षभर त्याच्याविषयी इतके बोलणे झाले आणि त्याच्या हातात कागद पहिल्यांदाच जात होता, हे तो वाचत असताना माझ्या लक्षात आले.

त्याने एकेका ओळीवर बोट ठेवत वाचले. रांगेची ओळ ठेवली. ‘आज बदल’च्या ओळीखाली रेघ ओढली. शेवटून दुसऱ्या ओळीत मी सवयीने लिहिले होते, “त्याला मोठे आवाज सहन होत नाहीत.” ती त्याने पट्टी लावून खोडली आणि बाजूला लिहिले, “मला डॉल्बी आवडतो. मामाला आवडत नाही.”

ताईचे घर महाद्वार रोडलगत आहे. अनंत चतुर्दशीला मिरजकर तिकटीकडून निघालेली मिरवणूक विसर्जनाला जाताना त्या रस्त्यावरून रात्रभर सरकत असते आणि घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्या रात्री भाचा वडिलांबरोबर गच्चीवर होता. कठड्याला दोन्ही तळहात चिकटवून दगडातून येणारा ठोका तो हातांनी ऐकत होता, असे भावोजींनी सांगितले. मंडळांचा क्रम त्याने संध्याकाळीच वहीत लिहून घेतला होता. मी मागच्या खोलीत, दार लावून, शॉट ब्लास्टिंगचे मफ घालून बसलो होतो. मफ त्याचेच, दप्तराच्या तळातून काढून त्याने मला आणून दिलेले.